जुम्म्याचं एक लिटर

रविवार, १२ नोव्हेंबर २००६

ही वही अतियाने दिली. अतिया माझी धाकटी. यवतमाळच्या कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकवते आणि त्यातच डॉक्टर व्हायच्या मागे आहे. सुई टोचणारी डॉक्टर नव्हे, हे तिच्या आईला, खैरुनबीला, अजून पटलेलं नाही. वहीच्या प्रत्येक पानावर पोरीने आधीच आकडे घालून ठेवलेत, १ ते १९२. म्हणाली, "अब्बा, रोजचं खरं लिहायचं. चुकलं तरी खोडायचं नाही आणि पान फाडायचं नाही. आमच्या लॅबमध्ये हाच नियम आहे." मी चाळीस वर्षं इंजिनं खोलली, कुणी लिहून मागितलं नाही. आता चोपन्नाव्या वर्षी गृहपाठ आला.

गृहपाठ असा. आमचं दारव्ह्याचं गॅरेज, त्याच्या मागे तारेच्या कुंपणाजवळ तेलाने काळी झालेली जमीन आहे. तिथे अतियाने विटा लावून तीन चौक केले, प्रत्येक मीटरभर लांब-रुंद, वीतभर खोल. 'अ' मध्ये नुसती काळी माती. 'ब' मध्ये तीच माती, शिवाय पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, भुगा, थोडा युरिया आणि पाणी. 'क' मध्ये हे सगळं आणि वरून तिने बाटलीतून आणलेले जंतू. मी पाणी शिंपडायचं, एक दिवसाआड फावड्याने माती उलथायची आणि लिहायचं.

जंतू कुठले, तर इथलेच. मागच्या उन्हाळ्यात पोरीने याच मातीची एक मूठ नेली होती. त्यातून निवडले, वाढवले आणि परत आणले. म्हणजे माझं तेल खाऊन मोठी झालेली मंडळी कॉलेज करून घरी आली.

जागा निवडताना तिने विचारलं, "अब्बा, इथे आजवर किती तेल सांडलं असेल?" मी म्हटलं, थोडंफार. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वही हातात दिली.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

पाणी : 'ब' आणि 'क' ला दोन-दोन डबे. माती उलथली. आणखी काय लिहायचं?

रविवार, १९ नोव्हेंबर

आज पोरीने तमाशा दाखवला. खैरुनबीची स्टीलची परात घेतली, पाणी भरलं, त्यावर जीपचं काळं तेल सोडलं. तेल सगळीकडे पसरलं. मग बाटलीतला एक थेंब, जंतू गाळून काढलेल्या पाण्याचा, बरोबर मध्ये टाकला. तेल एकदम काठाकडे पळालं आणि मध्ये ताटाएवढं स्वच्छ पाणी दिसू लागलं. मी तीनदा करायला लावलं.

तारेपलीकडून डोमाभाऊही पाहायला आला होता. डोमाजी माझा शेजारी, बालपणापासूनचा. बाजार समितीत मापारी आहे, कापसाच्या गाड्या तोलतो. त्याच्या काट्यात पाव किलोचा फरक निघाला असं कुणी सांगावं आणि बक्षीस घेऊन जावं.

अतियाने समजावलं. हे जंतू अंगातून साबणासारखं काहीतरी सोडतात. तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून त्यांना खाता येत नाही. या साबणाने तेलाचे बारीक बारीक थेंब होतात, मग ते खातात. परदेशात तेलाच्या खाणीत खडकाला चिकटून बसलेलं तेल सोडवायलाही हेच वापरून पाहतात.

"तिकडं तेल काढाले अन् इकडं तेल घालवाले," डोमाभाऊ म्हणाला. "एकच गडी दोन्ही कामं करते म्हना."

"माही परात आता भाकरीले चालते का नाही, थे सांगा," खैरुनबी म्हणाली.

मग डोमाभाऊने मूळ गोष्ट विचारली. "पोरी, आमची विहीर साफ होईन का याच्यानं?"

त्याच्या विहिरीबद्दल लिहिलं पाहिजे. गावच्या विहिरीवर डोमाभाऊच्या वस्तीतल्या लोकांना पाणी भरू देत नसत. दीक्षा घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी, १९५७ मध्ये, डोमाभाऊच्या बापाने आणि वस्तीतल्या अकरा जणांनी छिन्नी-घणाने काळा पाषाण फोडून आताच्या तारेपलीकडे स्वतःची विहीर काढली. डोमाभाऊ तेव्हा सात वर्षांचा, खणणाऱ्यांना भाकरी पोचवायचा. बुद्धपौर्णिमेला पाणी लागलं. येत्या बुद्धपौर्णिमेला पन्नास वर्षं होतील. पण दहा वर्षांपासून पाण्यावर तवंग आहे, ऊन पडलं की निळा-जांभळा दिसतो. कुणी पीत नाही. ९६ साली दिग्रस रोडवर डिझेलचा टँकर उलटला होता, ते झिरपलं. सगळ्यांना माहीत आहे.

अतिया म्हणाली, "काका, आधी माती. 'क' मधलं निम्मं तेल गेलं तर आमचे सर पुढच्या कामाला मंजुरी देतील. मग विहिरीभोवतालची माती, मग पाणी. बुद्धपौर्णिमेपर्यंत पिण्याजोगं होणार नाही, खोटं कशाला सांगू. पण सुरुवात होईल."

"सुरुवातच पाह्यजे," तो म्हणाला. "बापाच्या हातची आहे."

गुरुवार, ३० नोव्हेंबर

पाणी दिलं. माती उलथली. 'क' ची माती हाताला मोकळी लागते, वासही कमी आहे. 'ब' मध्ये तेवढा फरक नाही.

गॅरेजात माशा मारतोय. या महिन्यात जीपांना उसंत नसायची, यंदा जीपवाले पिंपळाखाली पत्ते खेळतात. कापूस निघालाच थोडा, जो निघाला तो भावाची वाट पाहत लोकांच्या घरात पडून आहे. आज दिवसभरात दोन फवारणीचे पंप आले, त्यातला एक न दुरुस्त करताच परत नेला. मी चौकांजवळ खुर्ची टाकून बसतो. खैरुनबी म्हणते, "पोरं पाळण्यात होते तवा इतके बसले नाही कधी."

रविवार, १७ डिसेंबर

मागच्या आठवड्यात नेलेल्या मातीचा निकाल आला. सुरुवातीला तिन्हीकडे शंभर धरलं, तर आता 'अ' मध्ये ९९, 'ब' मध्ये ९३ आणि 'क' मध्ये ८०. चार आठवड्यांत वीस. अतियाने चहा उभ्यानेच प्यायला, इतकी खूश होती. डोमाभाऊला तारेवरूनच ओरडून सांगितलं.

मला मात्र एक गोष्ट खटकली. तेल कमी होत चाललंय, मग ही मंडळी पुढे खाणार काय? विचारणार होतो, पण तिची एस.टी. सुटत होती. आणि हे काय विचारायचं. लेव्हल खाली गेली की ऑइल टाकायचं, हे मी बाराव्या वर्षी शिकलो.

शुक्रवार, २२ डिसेंबर

जुम्म्याची नमाज पढून आलो. अम्मी म्हणायची, जुम्म्याला दारचं कुणी उपाशी जाऊ नये. अम्मी होती तोवर दर शुक्रवारी दारात खिचडीचं पातेलं असायचं. एका जीपचं उतरवलेलं तेल होतं, लिटरच्या डब्याने मापून एक लिटर 'क' मध्ये टाकलं आणि माती उलथली. 'ब' मध्ये नाही टाकलं, तिथे पाहुणे नाहीत.

शुक्रवार, २९ डिसेंबर

'क' : एक लिटर. मागचं कुठे गेलं पत्ता नाही. भूक चांगली आहे.

शुक्रवार, ५ जानेवारी २००७

एक लिटर. टाकताना डोमाभाऊने पाहिलं.

"काय टाकून राह्यला?"

"खुराक."

"मापून टाकतं ना?"

"लिटरच्या डब्यानं."

"मापून असन तं ठीक," म्हणाला आणि कामावर गेला.

शुक्रवार, १२ जानेवारी

एक लिटर. मंगळवारपासून फावडं फिरवताना पाठ धरते.

रविवार, १४ जानेवारी

डोमाभाऊच्या बायकोने, प्रभावतीवहिनीने, तिळाचे लाडू पाठवले, ते घेऊन तोच आला आणि मागच्या गोष्टी काढून बसला. ९७ साली पाण्याला वास येऊ लागला तेव्हा वस्तीची बैठक झाली होती. दोघातिघांनी गॅरेजचं नाव घेतलं. तेव्हा हा उभा राहिला. "म्या सांगतलं सगळ्याइले, नासिरच्या हातून असं होनार नाही, माहा शब्द आहे. थो टँकरच व्हय. मंग कोनी बोललं नाही." हे तो हसत सांगत होता. मी चहा संपवला आणि पाना शोधायच्या निमित्ताने उठलो.

खरं लिहायचं म्हणून पोरीने वही दिली, तर लिहितो. तारेपासून चार हातांवर एक खड्डा होता, कमरेइतका. १९७९ ला गॅरेज काढलं तेव्हापासून गाड्यांचं उतरवलेलं तेल मी त्यात ओतत होतो. तेव्हा सगळेच ओतत. रात गई बात गई, जमीन पिऊन टाकते, असं वाटायचं. टँकर उलटला तो नाल्याच्या पलीकडे, दीड कोसावर. तिथलं डिझेल चढ चढून इकडे येणार नाही हे मला त्याच दिवशी कळत होतं. टँकरचं नाव मी काढलं नाही. दुसऱ्याने काढलं, मी मान हलवली. त्यानंतरही दोन वर्षं ओतत राहिलो, मग खड्डा बुजवला.

हे पान ४१ आहे.

शुक्रवार, १९ जानेवारी

एक लिटर.

शुक्रवार, २६ जानेवारी

एक लिटर. सहावं. डोमाभाऊ विहिरीच्या पायऱ्यांवरचं गवत काढत होता, पन्नास वर्षांची तयारी. मी पलीकडे गेलो नाही.

रविवार, ४ फेब्रुवारी

अतियाने मागच्या रविवारी माती नेली होती. 'अ' ९८, 'ब' ८८. 'क' ८०.

ऐंशी होते, ऐंशीच आहेत. तिच्या सरांचं म्हणणं, सुरुवातीला थोडं खाल्लं आणि जंतू मेले. आता हा विषय गुंडाळा. पोरीची दोन वर्षं गेली यात. जेवताना भाकरीचा तुकडा नुसता मोडत बसली. डोमाभाऊ आला, तिने त्याला उभ्या उभ्या सांगितलं. तो म्हणाला, "असू दे पोरी, तुवा केलं थे कमी नाही," आणि हातातलं खुरपं घेऊन परत गेला. पायऱ्या अर्ध्याच साफ झाल्यात.

मी म्हटलं, "त्यांना खायला कमी पडलं असेल का?"

"अब्बा, समोर ऐंशी टक्के तेल होतं. कमी कसं पडेल?"

चारच्या गाडीने ती गेली. शुक्रवारच्या डब्यांचं मी सांगितलं नाही. का बोललो नाही, हे मलाही सांगता येत नाही.

सोमवार, ५ फेब्रुवारी

सकाळपासून हिशोब करतोय. 'क' च्या मातीत सुरुवातीला सगळं मिळून दहा-अकरा लिटर तेल धरा. त्यात मी वरून सहा ओतले. तरी आकडा वाढला नाही, ऐंशीच राहिला. म्हणजे ते सहा गेले कुठे? आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच. पोरीच्या मुळावर बाप उठला, तोही प्रेमाने.

दुपारी सहा शुक्रवारांच्या तारखा आणि मापं एका कोऱ्या कागदावर उतरवली. कागद द्यावा, वही राहू द्यावी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

फोन केला. सहा लिटरचं सांगून टाकलं. ती एकामागून एक विचारत सुटली. किती? कधी? दर वेळी मापून? 'क' मध्येच? मी तारखा वाचल्या. तिकडून हसण्याचा आवाज आला, मग रडण्याचा.

"अब्बा, ते मेले नाहीत. तुम्ही टाकलेलं सगळं खाऊन बसलेत. सुरुवातीला होतं त्याच्या निम्म्याहून जास्त खाल्लंय."

मी म्हटलं, कागद पाठवतो. म्हणाली, "कागद चालणार नाही. आता लिहिला म्हणतील. सरांना मूळ वही दाखवावी लागेल, पहिल्या पानापासून, तारखांच्या ओळीने."

"सगळी पानं वाचतील?"

"हो. सगळी. म्हणून तर म्हटलं होतं, फाडायचं नाही."

हे शेवटचं ती का म्हणाली कोण जाणे.

बुधवार, ७ फेब्रुवारी

पान ४१ तीनदा चिमटीत धरलं. फाडलं तर चाळीसनंतर त्रेचाळीस येतं. पोरगी मोठी हुशार. न फाडलं तर आधी कॉलेजात वाचलं जाणार, मग दारव्ह्यात पोचणार आणि सगळ्यात शेवटी तारेपलीकडे. मला डोमाभाऊची भीती वाटते असं नाही. त्याने माझ्याकडे आजवर जसं पाहिलं, तसं तो परत पाहणार नाही, याची वाटते.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

नमाजनंतर वही घेऊन विहिरीवर गेलो. डोमाभाऊ काठावर बसला होता. म्हटलं, ऐक, आणि पान ४१ वाचलं. तो म्हणाला, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं.

मग मापाऱ्याने विचारावं तसं तो विचारू लागला.

"खड्डा केवढा?"

"कमरेइतका."

"हप्त्याले किती वतत होता?"

"ते... मापलं नाही कधी."

"जंतूले लिटरच्या डब्यानं मापून देल्लं," तो म्हणाला, "अन् माह्या बापाच्या विहिरीले बेमाप."

मी माफी मागितली. ती त्याने ऐकली की नाही माहीत नाही. उठताना एवढंच म्हणाला, "म्या वस्तीपुढं शब्द देल्ला होता, नासिर." खुरपं तिथेच राहिलं.

रविवार, ११ फेब्रुवारी

वही अतियाला देतो आहे. सगळी पानं आहेत.

रविवार, २५ फेब्रुवारी

वही परत आली. सरांनी दोनदा वाचली म्हणे. पुढच्या कामाला मंजुरी मिळाली. बुजवलेला खड्डा उकरायचा, ती माती वर काढून चौकांत पसरायची. बाप असा प्रयोगात हात घालतो हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, असंही म्हणाले.

ही बातमी तारेवरून ओरडून सांगायला अतियाच गेली. प्रभावतीवहिनीने ऐकून घेतली. डोमाभाऊ घरात होता, बाहेर आला नाही.

रविवार, ४ मार्च

सकाळी वस्तीतल्या विहारात गेलो. वंदना होईपर्यंत बाहेर थांबलो, मग दोन मिनिटं मागितली. म्हणालो, ९७ साली डोमाभाऊने शब्द दिला तो खरेपणाने दिला, खोटा मी होतो. विहीर माझ्या खड्ड्याने नासली. माती मी स्वतः उकरणार आहे.

कुणी हात उगारला नाही. उगारला असता तर बरं वाटलं असतं. एक म्हातारी म्हणाली, "दहा वर्सं आमी दोन फर्लांगावरून हंडे वाह्यले, बापा." डोमाभाऊ मागे भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

गुरुवार, २२ मार्च

खड्डा छातीपर्यंत उकरला. अजून काळंच निघतंय. पाठीचं सांगायला नको. डोमाभाऊचा कप खैरुनबी चहाच्या वेळी अजून काढते, मग परत फळीवर ठेवते. मी पाहिलं न पाहिलंसं करतो. पन्नास वर्षांत आम्ही इतके दिवस बोललो नाही असं कधी झालं नव्हतं. मला तो हवा आहे, एवढं लिहून ठेवतो.

सोमवार, ३० एप्रिल

तीन दिवस ताप. डॉक्टर म्हणतो, उन्हात उकरायचं वय नाही. चौकांना पाणी नाही, या उन्हात 'क' कोरडा पडला की सगळं मुसळ केरात. खैरुनबीने दोन डबे टाकले, फावडं तिला झेपत नाही. परवा बुद्धपौर्णिमा.

बुधवार, २ मे २००७

ही नोंद मी, डोमाजी, मापारी, लिहीत आहे. नासिर तापाने पडून आहे. वही खैरुनवहिनीकडून मागून घेतली.

'क' ला पाणी : तीन डबे, मापून. 'ब' ला : तीन.
माती उलथली : दोन्ही, दोन वेळा.
खड्ड्यातली नवी माती पसरली : अठरा घमेली.
तेल टाकले : नाही. पुढेही कोणी टाकू नये.
विहीर : आज पन्नास वर्षे झाली. वस्तीतल्या लोकांनी काठावर दिवे लावले. तवंग आहे. पाणी पिण्यालायक नाही.
उद्या सकाळी सहाला परत पाणी देईन.
नासिरसोबत बोलणे : अजून नाही.